सूचक म्हणून सही कोण करणार?

(जानेवारी 2026 मध्ये युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला फोन आला तेव्हा विषय सांगितला, ‘नव्या पिढीचे पुरोगामी उमेदवार आणि आपली जबाबदारी’. मी म्हटलं, बाबांनो, मी काही प्राध्यापक नाही. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. 27 वर्षं लोकांचे अर्ज भरतोय. फोनवरचा मुलगा म्हणाला, चाचा, म्हणूनच तुम्ही या. तेव्हा दुकानातून जेवढं दिसतं तेवढंच सांगतो.

निवडणूक लागली की माझ्या दुकानात गर्दी होते. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची, शपथपत्र, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचं प्रमाणपत्र, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल नाही असं घोषणापत्र. महिला राखीव जागेचा अर्ज असेल तर चार पुरुष येतात. पहिल्याच्या हातात फाइल, दुसऱ्याच्या हातात मोबाइल, बाकीचे दोघे नुसतेच उभे. मी विचारतो, बाई कुठे आहेत? उत्तर ठरलेलं, “सहीला आणतो की!” आणि हे फक्त आपल्यातच होतं असं समजू नका. सगळ्या जातिधर्मांचे पुरुष या बाबतीत एकदिलाने वागतात. एकात्मता बघायची असेल तर नोव्हेंबर महिन्यात माझ्या दुकानात या.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे बोलायचा हक्क नाही.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना 50 टक्के आरक्षण 2011 साली झालं. त्या वर्षी नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि आमच्या मोहल्ल्याची जागा इतर मागासवर्ग महिलांसाठी सुटली. आमच्या गल्लीतली एक मुलगी दुकानात आली. तांबोळ्यांची पोर, बी. ए. झालेली, बचत गटाचे हिशेब लिहायची, बायकांना बँकेत घेऊन जायची. एकटी आली होती. अर्जाला काय काय लागतं ते वहीत लिहून घेतलं आणि मग विचारलं, “चाचा, सूचक म्हणून तुम्ही सही कराल?”

सूचक म्हणजे काय, तुम्हाला माहीत असेल. उमेदवाराचं नाव सुचवणारा, त्याच प्रभागातला मतदार. एक सही. त्याला पैसे लागत नाहीत, भाषण लागत नाही. मी तिला म्हणालो, “बेटा, आधी जमातीची बैठक होऊ दे. तिथे काय ठरतं ते बघू.”

बैठक झाली. मी होतो. दीडदोनशे पुरुष होते, बाई एकही नव्हती. तिथे एका वजनदार घराच्या सुनेचं नाव ठरलं. त्या सुनेला हे रात्री जेवताना कळलं असं नंतर तिनेच माझ्या बायकोला सांगितलं. मी तांबोळ्यांच्या मुलीचं नावसुद्धा काढलं नाही. घरी आल्यावर स्वतःला समजावलं, की मोहल्ल्यात फूट नको. सून बिनविरोध निवडून आली. मुदतीत जातवैधता प्रमाणपत्र देता आलं नाही म्हणून पुढे तिचं पद गेलं. एकीचं सगळं मुसळ केरात. तांबोळ्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तिथे ती एका पतसंस्थेत नोकरी करते.

आपण नेहमी आकडे सांगतो, आणि ते खरेच आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. विधानसभेच्या 288 जागांवर 2019 मध्ये 10 मुस्लिम आमदार निवडून आले, 2024 मध्येही 10च. त्या दहांत बाई एक. 2024 च्या लोकसभेला राज्यातल्या 48 जागांपैकी एकाही जागेवर दोन्ही मोठ्या आघाड्यांनी मुस्लिम उमेदवार दिला नाही. मतं हवीत, माणूस नको, हा राग मलाही आहे. पण हा राग आपण फक्त पक्षांवर काढतो. आपल्या बैठकीत जी मुलगी कोणी मोजलीच नाही, ती कुठल्या आकड्यात येते? तिला तिकीट कुठल्या पक्षाने नाकारलं नव्हतं. मी नाकारलं होतं.

दुसरी गोष्ट, नुसती नावं मोजून भागत नाही. माझ्या दुकानात वर्षभर सर्वांत जास्त भरला जाणारा अर्ज कुठला असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा. विधवा, अपंग, ज्यांना कोणी बघणारं नाही अशी माणसं येतात. ही योजना 1980 साली सुरू झाली, तेव्हा बॅ. अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री होते. या राज्याचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. सिमेंटच्या प्रकरणात त्यांना 1982 च्या जानेवारीत जावं लागलं, तेही झाकायचं कारण नाही. पण माझ्याकडे अर्ज भरायला येणाऱ्या म्हातारीला ती योजना कुणाच्या काळातली हे माहीत नसतं, आणि तिचं काही अडत नाही. मी पुरोगामी उमेदवार कुणाला म्हणतो? जो निवडून आल्यावर आपल्या आडनावापलीकडच्या माणसाचा अर्ज पुढे सरकवतो आणि आपल्या घरातल्या बाईचा अडवत नाही, त्याला. दोन्ही पाहिजे. यातलं एकच करणारे भरपूर आहेत.

आता गेल्या निवडणुकीकडे येतो. आमच्या नगरपरिषदेत जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासक. राज्यभर तेच होतं. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा निवडणुका हलल्या. या चार वर्षांत गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, तर लोकांनी जायचं कुणाकडे? आमच्या मोहल्ल्यात शिकवण्या घेणारी एक 27 वर्षांची मुलगी आहे. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलंय. ती अर्ज लिहायची, पोच घ्यायची, आठ दिवसांनी पोच घेऊन परत जायची. मुख्याधिकाऱ्यांच्या शिपायाला ती लांबून येताना दिसली की तो साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणायचा. दर्ग्यामागच्या गल्लीला पाइपलाइन तिच्या 11 अर्जांनंतर आली. त्या सगळ्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे काढल्यात, म्हणून आकडा पक्का आहे.

प्रभागात दोन जागा होत्या. ‘अ’ इतर मागासवर्ग महिला, ‘ब’ सर्वसाधारण. एका पक्षाकडे ती मुलाखतीला गेली. तिथे तिला विचारलं, खर्च किती करणार? एबी फॉर्म दुसऱ्याच घरात गेला. मग ती अपक्ष उभी राहिली. ‘ब’ जागेवर भीमनगरमधला एक मुलगा अपक्ष उभा होता. तोही असाच, कामातून आलेला. दोघांनी एकच पत्रक काढलं, तिला चिन्ह मिळालं कपबशी. या वेळी सूचक म्हणून मी सही केली. हात थरथरला नाही, पण 14 वर्षं उशिरा झाली ती सही.

इथे कागदाचं थोडं लांबण लावणार आहे, कंटाळू नका. राखीव जागेला जातीचा दाखला लागतो आणि तो पडताळणी समितीपुढे टिकावा लागतो. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात काय लिहिलीय? ‘मुसलमान’. ना तांबोळी, ना बागवान, ना पिंजारी, ना मोमीन. मास्तरांनी विचारलं नाही, आजोबांनी सांगितलं नाही. मुस्लिम ओबीसी चळवळीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून या जातींना यादीत जागा मिळवून दिली. दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्या सभांना जायचा. पण यादीत जात असणं वेगळं आणि तुमच्या घरात कागद असणं वेगळं. मग जुनं खरेदीखत शोधा, चुलत आजोबांचा दाखला शोधा, जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा काढा. याला महिने जातात, कधी वर्ष जातं. निवडणूक जाहीर झाल्यावर सुरुवात केलीत तर धावपळीतच तुम्ही बाद. या मुलीचं वैधता प्रमाणपत्र आम्ही 2023 मध्येच काढून ठेवलं होतं. एवढं एक काम आम्ही वेळेवर केलं.

प्रचारात दोन्हीकडून मार पडला. एका ग्रुपवर तिचा फोटो फिरला, खाली लिहिलेलं की हिला निवडून दिलं तर गावाचं पाकिस्तान होईल. दुसऱ्या ग्रुपवर, म्हणजे आपल्याच, तोच फोटो फिरला. डोक्यावर ओढणी नाही, हिला निवडून दिलं तर आपल्या मुली बिघडतील. तिने दोन्हींची तक्रार निवडणूक अधिकाऱ्यांकडे एकाच कागदावर केली. पोच घेतली, अर्थातच.

मग एका कोपरा सभेत एका बुजुर्गांनी चिठ्ठी पाठवली. तीन तलाकबद्दल तुमचं मत काय? मी तिच्या कानात म्हणालो, नगरपरिषदेत तलाकचा विषय येत नाही एवढंच सांग आणि गटारावर ये. मला वाटलं, मी फार शहाणा सल्ला दिला. ती माइकवर म्हणाली, “एका दमात तीन तलाक चूकच आहे. कोर्टाने 2017 साली ते रद्द केलं, बरंच केलं. आणि नवऱ्याला तुरुंगात घातलं म्हणून बाईला पोटगी मिळत नाही, हेही मी म्हणते. आता गटाराचं बोलू.” पुरुष गप्प. मागे बुरख्यातल्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यातली एक हसली, मग सगळ्याच हसल्या. त्या रात्री आमच्यातल्या दोन कार्यकर्त्यांनी फोन बंद करून ठेवले.

2 डिसेंबरला मतदान झालं, मोजणी 21 ला. ती 61 मतांनी पडली. भीमनगरचा मुलगा निवडून आला.

नंतर आम्ही याद्या घेऊन बसलो. दर्ग्यामागच्या गल्लीतली, म्हणजे जिथे तिने पाणी आणलं त्याच गल्लीतली, 94 नावं शेजारच्या प्रभागाच्या यादीत होती. विधानसभेची यादी फोडून प्रभागांच्या याद्या करतात, त्यात असं होतं. प्रारूप यादी ऑक्टोबरमध्ये लागली होती, हरकतीला मोजके दिवस होते. तेव्हा आम्ही काय करत होतो? पत्रकावर हिरवा रंग असावा की नसावा यावर वाद घालत होतो. पाच दिवस. यादी नगरपरिषदेच्या भिंतीवर होती, माझ्या दुकानापासून चालत सात मिनिटं.

आणि आणखी एक जागा रिकामी गेली. मतदार यादी 1 जुलै 2025 ची धरली होती. तिच्या शिकवणीतली 18 पूर्ण झालेली कितीतरी मुलं पत्रकं वाटत फिरली, पण नाव नोंदवलंच नव्हतं. त्यांना वाटलं, आधार कार्ड आहे म्हणजे झालं. आम्ही विचारलं नाही.

पण सगळा दोष यादीवर टाकणार नाही. केंद्रनिहाय आकडे बघितले. आमच्या मोहल्ल्याच्याच केंद्रावर भीमनगरच्या मुलाला तिच्यापेक्षा 40 मतं जास्त पडली होती. म्हणजे आपल्या 40 लोकांनी त्याचं बटण दाबलं, ते चांगलंच झालं, आणि तिचं दाबलं नाही. चिठ्ठीचं उत्तर टाळलं असतं तर ती निवडून आली असती का? कदाचित आली असती. हा हिशेब मी बरेच दिवस मनात करत होतो. एकदा तिच्याजवळ बोललो. ती म्हणाली, चाचा, मग नगरपरिषदेत पाच वर्षं तुमच्या कानातलंच बोलत बसले असते. मालेगाव मध्यला 2024 मध्ये विधानसभेचा निकाल 162 मतांवर लागला. 61 काय, 162 काय, इतक्या मतांना किंमत असते हे मला पटतं. त्यासाठी किती गप्प बसायचं, यावर तिचं आणि माझं अजून जमलेलं नाही.

निकालाच्या रात्री त्या तांबोळ्यांच्या मुलीचा फोन आला. तिला कुणीतरी कळवलं होतं. तिने निकालाचं विचारलंच नाही. “सूचक कोण होतं?” एवढंच विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पुढच्या वेळी हिशेबाच्या वह्या माझ्याकडे पाठवा, मी बघते.

पडलेल्या उमेदवारालाही निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. निकालानंतर आठ दिवसांत आमच्या मुलीच्या घरी फिरकणाऱ्यांची संख्या तीनवर आली होती. मंडपाची बिलं, रिक्षाची बिलं, चहाची बिलं तिने एकटीने लावली. गेल्या आठवड्यात दाखल करून आली. माझ्याकडे झेरॉक्स काढायला आली तेव्हा हातात आणखी एक अर्ज होता, उर्दू शाळेच्या संडासाला दार नाही त्याचा.

वेळ झाली असं संयोजक खुणावतायत. मी सोबत मतदार नोंदणीचे 50 अर्ज आणलेत. ज्यांचं वय भरलंय आणि नाव लागलेलं नाही त्यांनी चहाच्या वेळेत माझ्याकडे यावं, पासपोर्ट फोटो नसेल तर समोरच्या गल्लीत स्टुडिओ आहे. आणि ज्यांच्या घरात 1967 पूर्वीचा शाळेचा दाखला आहे, त्यांनी त्यावर काय लिहिलंय ते आजच घरी फोन करून विचारा. आजोबांच्या पेटीत असतो तो, बहुतेक निकाहनाम्याच्या खाली.