माजलेले रान आणि दोन चाकांचे यंत्र



विद्या, विवाह आणि वसतिगृह या विषयांवर आपल्या संमेलनात बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र चिटणीसांनी गावाकडच्या पड जमिनीवर बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. आमची हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे गेली. तेव्हा कृषिशास्त्रज्ञाचा आव आणणार नाही. निवृत्तीनंतर कोकणातील आमच्या वाडीत राहून, पॉवर टिलरच्या मागून चालताना जे पाहिले तेवढेच सांगू.

येथे बसलेल्या बहुतेक कुटुंबांची कोकणात थोडीफार जमीन आहे आणि तीपैकी बरीच माजलेली आहे. कारणे सर्वांस ठाऊक आहेत. प्रथम मुंबईची गिरणी, मग कचेरी, आता परदेश. शिवाय १९४८ च्या कुळकायद्यानंतर ‘कूळ लागेल’ या धास्तीने कित्येकांनी जमीन दुसऱ्यास कसावयास देण्यापेक्षा ओस ठेवणे पत्करले. सातबाऱ्यावर नावे वीस आणि कोयता धरणारा एकही नाही! परंतु जमीन रिकामी राहत नाही. घाणेरी येते, रानमोडी येते, करवंदीच्या जाळ्या बांध गिळून टाकतात. पंचवीस-तीस वर्षांत कोणते खाचर कोणाचे आणि मेर कोठून जाते हे सांगणारा वाडीत एखादा म्हातारा तेवढा उरतो. तो गेला म्हणजे मोजणी आणि कोर्टकचेरी. आमच्या मते रान साफ करण्याची खरी निकड ही आहे. भाताच्या मणांचा हिशेब त्यानंतरचा.

आता यंत्राविषयी. पॉवर टिलर म्हणजे माणसाने मागे चालून, मुठी धरून हाकावयाचा दोन चाकांचा ट्रॅक्टर. फिरत्या पात्यांनी माती फोडण्याचे प्रयोग क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने ऑस्ट्रेलियात १९१२ साली केले. पुढे जपानने अशी यंत्रे आपल्या लहान भातखाचरांत रुळविली. आपल्या देशात बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीने मित्सुबिशीच्या, तर केरळ सरकारच्या कॅम्कोने कुबोटाच्या साहाय्याने ती बनविली. बारा-तेरा अश्वशक्तीचे डिझेल एंजिन, वजन चार-पाचशे किलो, आणि एका फेरीत सुमारे दोन फूट रुंदीची पट्टी, असा त्याचा साधारण संसार. चार गुंठ्यांच्या खाचरात मोठा ट्रॅक्टर वळत नाही, किंबहुना तेथवर पोहोचतच नाही. हे यंत्र मात्र बांधाला उतरण काढून वर चढविता येते.

तथापि शहरातील मंडळींचा असा समज दिसतो की यंत्र आणले, चालू केले, की रान साफ. तसे मुळीच नाही. अंगठ्याएवढ्या जाड घाणेरीवर पाती चालविली तर तोडण्याऐवजी ती उसळतात, आणि दगड लागला तर मोडतात. वेल तर दांड्याला असे गुंडाळतात की दर दहा पावलांवर थांबावे लागते. ते काढताना एंजिन पूर्ण बंदच पाहिजे. चालू ठेवून हात घालणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. म्हणून प्रथम कोयता, मग पहार आणि कुदळ, त्यानंतर दगड वेचणे, आणि सर्वांच्या शेवटी यंत्र. घाणेरीचे खोड राहिले तर ती पुन्हा फुटते, तेव्हा मूळच उपटले पाहिजे. रानमोडी फुलण्यापूर्वी कापावी. एकदा तिचे बी वाऱ्यावर गेले की शेजाऱ्याचेही श्रम वाया. वाटेत खैर, ऐन, किंजळ आढळल्यास त्यांस हात लावू नये. १९६४ च्या कायद्याने त्यांच्या तोडीस परवानगी लागते.

हरळीची गोष्ट निराळी. फिरती पाती तिच्या मुळांचे शंभर तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा रुजतो. असे खाचर यंत्राने आणखी बिघडते. तेथे कुदळीने खणून मुळ्या उन्हात वाळविणे हाच उपाय, मग कोणी आम्हांस जुनाट म्हणोत.

वेळही साधावी लागते. वैशाखात जांभ्याची माती इतकी कठीण होते की यंत्र वरच्यावर नाचते, आणि भर पावसात चिकटते. पाऊस ओसरल्यावर, ओल असताना, पहिली फेरी उथळ आणि हळू, दुसरी आडवी, हे बरे.

एक गोष्ट मात्र तरुणांनी नीट ऐकावी. यंत्राच्या मुठींवर दोन बाजूंचे दोन क्लच असतात. डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद सुटते आणि यंत्र डावीकडे वळते. हे सपाटीवर. तीव्र उतारावरून खाली येताना एंजिन यंत्रास मागे धरून असते. तेथे सुटलेले चाकच अधिक वेगाने धावते आणि यंत्र नेमके उलट, उजवीकडे वळते. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस यंत्रासह बांधाखाली जातो. तसेच मागे घेताना पाती आपल्या पायांकडे येतात, म्हणून ती आधी बंद करावी. पाठीमागे झाड किंवा बांध असेल तर मागे घेऊच नये. चार-पाचशे किलोंपुढे माणसाचे बळ ते किती?

आता उत्साही मंडळींस थोडे कडू सांगतो. सुट्टीच्या चार दिवसांत एकर-दोन एकर उघडे करून मुंबईस परतणे यापेक्षा रान असलेले बरे. कोकणचा पाऊस उघड्या उतारावरची भुसभुशीत माती एका आषाढात ओढ्यात नेतो. घाणेरी निदान माती धरून ठेवीत होती! जेवढे त्याच पावसाळ्यात लावून होईल तेवढेच उघडावे. वरकसात नाचणी, खाचरात भात, काहीच जमत नसेल तर ताग पेरावा. उताराच्या कडेची झुडपे राखावीत. आणि यंत्र बोलाविण्यापूर्वी सातबाऱ्यावरील वीस जणांनी एकत्र बसून, गावी राहणार कोण आणि कसणार कोण, हे कागदावर लिहावे. यंत्र तासाच्या भाड्याने मिळते. हे उत्तर तसे मिळत नाही.

असो. यंदा दिवाळीनंतर आमच्या वाडीतील सहा गुंठे उघडण्याचे योजिले आहे. त्या मेरा ठाऊक असलेले वृद्ध गृहस्थ सोबत येण्यास राजी आहेत. ज्यांस शिकावयाचे असेल त्यांनी चिटणीसांकडे नावे द्यावीत. राहण्याची सोय होईल. कोयता आणि जाड बूट ज्याचे त्याने आणावेत.