घोरणाऱ्याच्या घरच्यांसाठी

‘आमचे हे पडल्या पडल्या घोरायला लागतात. झोपेचं सुख आहे बाई त्यांना!’ असं कौतुक आपल्या कानांवर नेहमी पडतं. आज मात्र हे कौतुक जरा तपासून पाहू.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट अरुंद झाली, की मागची मऊ टाळू थरथरते आणि माणूस घोरतो. काहींची ती वाट मधूनमधून पार बंदच होते. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. शेजारी झोपणाऱ्याला तो ओळखता येतो. घोरण्याचा आवाज चढत जातो आणि एकदम थांबतो. छाती-पोट हलत असतं, पण नाकाशी बोट धरलं तर श्वास लागत नाही. दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ असाच जातो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू हाक मारतो आणि माणूस गुदमरल्यासारखा मोठ्यानं श्वास ओढून कूस बदलतो. पुन्हा घोरणं सुरू. श्वासाचे असे अडथळे तासाला 30 किंवा अधिक झाले, तर आजार तीव्र समजतात. सकाळी त्याला विचारा, तो म्हणेल, ‘मस्त झोप लागली!’

दिवसा मात्र खुणा दिसतात. उठल्यावर तोंडाला कोरड, डोकं जड. रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं. पेपर वाचता वाचता मान पडणं. औषधं घेऊनही रक्तदाब न उतरणं. बायकांमध्ये थकवा आणि तुटक झोप हीच तक्रार पुष्कळदा पुढे येते आणि ‘कामाचा शीण’ म्हणून ती खपून जाते. टॉन्सिल वाढलेलं मूल पेंगण्याऐवजी चंचल, हट्टी होऊ शकतं. जाड मान आणि वाढलेलं वजन यांमुळे धोका वाढतो. पण जबडा लहान असेल, तर सडपातळ माणसालाही हा त्रास होतो.

झोपेत काय होतं ते त्याला स्वतःला कळत नसतं, म्हणून अशा माणसाला डॉक्टरांकडे एकट्याला पाठवू नका. त्याला सांगून रात्री मोबाइलवर दोन मिनिटं त्याचं घोरणं टिपा आणि ते डॉक्टरांना ऐकवा. ‘स्लीप स्टडी’ या तपासणीत झोपेतला श्वास आणि प्राणवायू मोजतात. उपचारही आहेत. 1981 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी सीपॅपचा उपाय मांडला. हे यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं यांचाही अनेकांना उपयोग होतो. दारू मात्र टाळाच, आणि झोपेच्या गोळ्या मनानं घेऊ नका. त्यांनी त्रास वाढू शकतो.

आणि घरातला कुणी ट्रक, रिक्षा किंवा एसटी चालवत असेल आणि त्याला स्टिअरिंगवर पेंग येत असेल, तर चहा पाजून त्याला कामावर धाडू नका. आधी तपासणी, मग गाडी.