प्रश्नाचा क्रम आणि मनाचा कौल

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत मये येथे दिलेले भाषण)



देवळात कौल लावण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. मूर्तीला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि पाकळी उजवी पडली की डावी, यावरून होकार-नकार ठरतो. गाऱ्हाणे घालणारा जाणता असेल तर प्रश्न फार जपून मांडतो. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर देव देत नाही. पुंजयामिकीतील संभाव्यतेचे गणित आणि माणसाचे निर्णय, हा माझा आजचा विषय नावाने भारदस्त खरा. पण त्याची वाट या गाऱ्हाण्यापासूनच सुरू होते.

मत मनात आधीच तयार असते आणि प्रश्न म्हणजे केवळ पेटीचे झाकण उघडणे, अशी आपली समजूत असते. तसे असते तर दोन प्रश्न कोणत्याही क्रमाने विचारावेत. सप्टेंबर 1997 मध्ये अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत क्लिंटन व गोर या दोघांविषयी, ते प्रामाणिक आणि विश्वासार्ह वाटतात का, असे विचारले गेले. क्लिंटनविषयी आधी विचारले तेव्हा 50 टक्के लोक ‘होय’ म्हणाले. गोर यांच्यामागून विचारले तेव्हा 57 टक्के. गोर यांचे मात्र उलटे झाले: आधी 68, मागून 60.

अणूंच्या जगात हा प्रकार जुना आहे. तेथे पहिले मापन वस्तूची अवस्थाच बदलते, म्हणून काही मापनांचा क्रम उलटला की निष्कर्षही बदलतो. जेरोम बुसेमायर व पीटर ब्रुझा यांनी 2012 च्या ग्रंथात हेच गणित मनाला लावले. मेंदूत काही पुंजयामिक घडते, असा त्यांचा दावा नाही. उसने घेतले आहे ते गणित. आता, पुरेसे खिळे दिले की कोणतेही गणित कुठेही ठोकून बसवता येते, ही शंका रास्तच आहे. परंतु या गणितातून एक कडक नियम निघतो. दोन्ही प्रश्नांना ‘होय’ म्हणणारे आणि दोन्हींना ‘नाही’ म्हणणारे, या दोघांचे एकत्रित प्रमाण क्रम उलटला तरी तेवढेच राहिले पाहिजे. यात आकडे पाहून मागाहून जुळवण्यास जागाच नाही. वांग, बुसेमायर व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अमेरिकेतील 70 राष्ट्रीय पाहण्या या नियमाला लावून पाहिल्या. नियम आश्चर्यकारकरीत्या टिकला. माझे या विषयावर मन बसले ते यामुळे.

आता आपल्या घरचा कौल. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. डिचोली-पेडण्यात फुलाला मानणारे पुष्कळ होते. दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. विलीनीकरण फेटाळले गेले. आणि अवघ्या दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, त्याच जनतेने विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला 30 पैकी 16 जागा देऊन भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले!

याला पुंजयामिकी कशाला हवी, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, प्रश्न दोन होते, उत्तरे दोन आली, आणि जमीन कसणाऱ्याने भाऊसाहेबांना मत देण्यास इतर कारणे होती. शिवाय उलट क्रमाने मतदान घेऊन पाहणे कोणालाच शक्य नव्हते. पण त्या मतपत्रिकेत एक गोष्ट मला नेहमी टोचते. स्वतंत्र घटक राज्य हा पर्याय तिच्यावर छापलाच नव्हता. 30 मे 1987 रोजी गोवा घटक राज्य झाला. 1967 मध्ये ही इच्छा किती जणांच्या मनात होती, हे त्या मोजणीतून कधीही कळणार नाही. ती मनात तयार असून दबली होती, की विचारली गेली असती तरच जन्मली असती? जुने गणित पहिला पर्याय गृहीत धरते. नवे गणित दुसऱ्यालाही जागा देते.

जाता जाता कार्यकारिणीला एक विनंती. ग्रंथालयात नवीन पुस्तके अधिक हवीत का आणि वेळ वाढवावी का, असे वाचकांना कधी विचारायचे झाले, तर अर्ध्या पत्रिकांवर प्रश्नांचा क्रम उलटा छापावा आणि कोणाच्या हाती कोणती पत्रिका पडते हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. पत्रिका काही शेकड्यांत भरल्या तर हिशेब मी करून देईन.