शिकलेल्या पोरांकडे आपले येणे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आपल्या घरातून शिकून मोठ्या पगारावर गेलेल्या पोरापोरींकडे आपले काही येणे आहे का, यावर आज बोलायचे आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. अठरा वर्षांपूर्वी मी संघटनेत नवा होतो. एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा सल्ला विचारायला आला. हिशेबात फार हुशार. मी सांगितले, "डी.एड. कर, दोन वर्षांत मास्तर होशील." बापाने एकरभर रान विकून पैसे भरले. पुढे डी.एड.वाल्यांचे उदंड पीक आले आणि भरती आटली. तो मुलगा आज जिनिंगवर वजने लिहितो. बापाने मला कधी बोल लावला नाही, तेच जास्त लागते. बोंडअळीवर औषध सांगण्याआधी मी शेत पाहतो, दहा प्रश्न विचारतो. पोराच्या जन्माचा सल्ला मात्र बांधावर उभ्या उभ्या देऊन मोकळा झालो.

मला तेव्हा काय माहीत नव्हते ते ऐका. भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, यांच्या प्रवेशासाठी कॅट नावाची परीक्षा असते. कुठल्याही शाखेचा पदवीधर ती देऊ शकतो, मग तो बी.ए. असो की बी.एस्सी. अ‍ॅग्री. अहमदाबादची संस्था १९६१ सालची. तिथे शेती आणि अन्नव्यवसायाचा वेगळा अभ्यासक्रमही आहे. आपल्या नागपुरातही २०१५ पासून आयआयएम आहे. परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस होते, पण अर्ज भरायचे ते साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. नेमके तेव्हा आपले घर फवारणीत गुंतलेले असते.

आता फीचा आकडा. दोन वर्षांचे वीस लाख धरा. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे जवळजवळ २४७ क्विंटल कापूस. एकरी पाच क्विंटल धरले तर पन्नास एकरांचे पीक, तेही बियाणे, खत, वेचणी फुकट धरून! हा आकडा ऐकला की बाप मान खाली घालतो आणि विषय संपतो.

पण विषय तिथे संपत नाही. २०२४ साली केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीन न देता शैक्षणिक कर्ज मिळते. इतर मागासवर्गीयांच्या क्रीमी लेयरसाठी केंद्राची जी आठ लाखांची कसोटी आहे, तीत शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. आणि दाखला लागतो तो केंद्राच्या नमुन्यातला. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेले पोर हातची जागा गमावू शकते.

शहरातल्या घरात हे सगळे जेवणाच्या ताटावर कळते. मामा सांगतो, शेजारचे काका सांगतात. आपल्याकडे ते क्लासवाला सांगतो, आणि तो आधी पैसे घेतो. कापसाच्या बाजारात हेच होते. भाव त्याला ठाऊक, आपल्याला नाही. ज्याला भाव कळत नाही तो लुटला जातो.

मग हे ठाऊक कोणाला? आपल्याच पोरांना, जी त्या वाटेने जाऊन आली आहेत. ती दिवाळीला गावात येतात, शाल-श्रीफळ घेतात आणि भाषण करतात, "मेहनत करा." बाबांनो, मेहनत आम्हाला शिकवू नका! अर्ज कसा भरायचा ते शिकवा. मुलाखतीत काय विचारतात ते सांगा. पगारातून कर्जाचा हप्ता किती जातो तेही लपवू नका. गल्लोगल्ली निघालेल्या एमबीएच्या दुकानांत कोणते खोटे, ते ओळखून द्या.

हे होण्यासारखे आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे यांनी यवतमाळातून एकलव्य हे काम उभे केले. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना तिथे देशातल्या नामवंत संस्थांची वाट दाखवतात, आणि आधी गेलेली मुले मागच्यांना हात देतात.

कोणी म्हणेल, पोरे शेतीतून पळवता काय? शेती सोडणे हे पाप नाही. दुसरी वाट माहीत नाही म्हणून शेतीत अडकून पडणे, ही सक्ती आहे. ज्याला राहायचे त्याने राहावे, पण दार उघडे असताना राहावे.

आणि हे दान नव्हे. त्यांच्या फीमागे बापाचा कापूस आहे, आईची वेचणी आहे, थोरल्या भावाची सुटलेली शाळा आहे. पैसे परत मागत नाही. आठवड्यातला एक तास मागतो.

म्हणून आजचे काम एवढेच. प्रत्येक तालुक्याने दोन याद्या करायच्या. एकीत बाहेर शिकून गेलेल्यांची नावे आणि फोन, दुसरीत पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांतली मुले आणि मुली. मुलींची नावे मागाहून घालू म्हणू नका. एकाला एक जोडून द्यायचा, वर्षभरासाठी. ऑगस्टच्या आत हे झाले पाहिजे. त्या जिनिंगवरच्या मुलाचे नाव मी माझ्या तालुक्याच्या कामात घेतले आहे. हिशेब ठेवायला त्याच्याइतका पक्का माणूस मला ठाऊक नाही. तो हो म्हणाला आहे.