बाळाचं डोकं मोजलंत का?

मी आपल्या तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. एरवी आपण इथे हप्ते, शेळ्या, शिलाई, पापडाची ऑर्डर यावर बोलतो. आज हिशेबाची वही जरा बाजूला ठेवूया. आज मला लेकरांच्या डोक्याविषयी आणि मेंदूविषयी बोलायचं आहे. सुरुवात माझ्याच घरापासून करते, कारण चूक माझ्याच घरात झाली आणि त्यात मीही होते.

चार वर्षांपूर्वी माझ्या दादाला मुलगा झाला. मी आत्या झाले. बारशाला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, "काय बाई डोकं आहे, कलेक्टर होणार हा!" मीसुद्धा तेच म्हणाले. मी बीए झालेली, गटाच्या बैठकीत आरोग्यावर बोलणारी. पण बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार भराभर वाढतंय, टाळू फुगीर लागतेय, कपाळावरच्या शिरा दिसतायत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. बाळ सारखं किरकिर करायचं, दूध ओकायचं. वहिनी म्हणायची, "ताई, ह्याचे डोळे बघा ना, बुबुळं खालीच जातात." सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. त्यात दोन महिने गेले.

मग अंगणवाडीत शाळा-अंगणवाडी तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्यातल्या डॉक्टरबाईंनी टेप काढली आणि भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून डोकं मोजलं. चार महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण ४१-४२ सेंटिमीटर असतं. आमच्या बाळाचं भरलं ४६. बाईंनी लगेच चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाल्या, "उद्याच जिल्ह्याला जा. पुढच्या बाजाराची वाट बघू नका."

आता हे काय असतं ते सांगते. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत पाण्यासारखा एक द्रव रोज तयार होतो आणि रोज शोषला जातो. त्याची वाट कुठे तुंबली, तर पाणी आत साठतं. मोरीचं पाणी तुंबावं तसंच. लहान बाळाची कवटी अजून जुळलेली नसते, म्हणून डोकं फुगत जातं आणि आत मेंदू दाबला जातो. याला हायड्रोसिफॅलस म्हणतात. कधी ते जन्मापासूनच असतं, कधी मेंदूज्वरानंतर होतं, कधी कमी दिवसांच्या बाळाला मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे होतं. आईनं काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या वहिनीला ते फार ऐकावं लागलं.

जिल्ह्याला टाळूवरून सोनोग्राफी झाली. टाळू उघडी असते तोवर ती तशी करता येते, बाळाला काही दुखत नाही. तिथून आम्हाला मुंबईला, लहान मुलांच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसली. पण एसटीचं भाडं, दोन माणसांचं जेवण, दादाची बुडालेली मजुरी योजनेत कशी बसणार? त्या रात्री आमच्या गटानं महिन्याच्या बैठकीची वाट बघितली नाही. दहाजणी माझ्या ओट्यावर जमल्या. एकजण म्हणाली, "आजारपणाला कर्ज दिलं तर फेडणार कशातून?" तिचंही खरं होतं, पैसे सगळ्यांचे होते. पण आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "म्हशीला देतो, मग लेकराला का नाही?" सहा हजार रुपये मंजूर झाले. आम्ही रात्रीच्या एसटीनं निघालो.

तिथे एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली. मेंदूचे डॉक्टर दोन प्रकारचे असतात. फिट येणं, उशिरा बसणं-चालणं, हातापायातली ताकद जाणं हे बघतात आणि औषधं देतात ते मेंदूविकारतज्ज्ञ. पाणी, गाठ, पाठीच्या मणक्यावरचा फुगा असं असेल तर शस्त्रक्रिया करतात ते मेंदूचे सर्जन. लहान मुलांच्या दवाखान्यात हे दोघं एकमेकांशी बोलून ठरवतात, आणि सोबत भूल देणारे डॉक्टर, नर्स, व्यायाम शिकवणाऱ्या ताई सगळे लहान मुलांच्या सवयीचे असतात. मुंबईत परळला वाडिया बाल रुग्णालय आहे, ते १९२९ पासून फक्त मुलांसाठी चालतं. पण पहिली पायरी मुंबई नव्हे. पहिली पायरी आपली अंगणवाडी, आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि मग जिल्ह्याचं रुग्णालय. तिथली चिठ्ठी घेऊन गेलं की वणवण कमी होते.

आमच्या बाळाला शंट बसवला. म्हणजे एक बारीक नळी. ती मेंदूतून निघते, कानामागून, कातडीच्या आतून छातीवरून पोटात जाते. जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि तिथे शोषलं जातं. बाहेरून काही दिसत नाही. काही मुलांना नळीशिवाय, दुर्बिणीतून आतच वाट करून देतात. कोणाला काय, ते सर्जन ठरवतात.

घरी येताना नर्सबाईंनी वहिनीला एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: उलट्या, खूप झोप, डोकं दुखणं, ताप, नळीच्या जागी लाली किंवा सूज, यातलं काही दिसलं तर नळी तुंबली असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, त्याच दिवशी दवाखाना गाठा. वहिनी फारशी शिकलेली नाही. तिनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याजवळ खिळ्याला अडकवला. मागच्या वर्षी पोराला उलट्या सुरू झाल्या. सगळे म्हणाले, पित्त आहे, जत्रेतलं खाल्लंय. वहिनीनं कागद काढला, १०८ ला फोन लावला आणि पोराला घेऊन निघाली. नळी तुंबलीच होती. ती बदलली. त्या दिवशी घरात सगळ्यात शहाणी तीच होती.

पोरगं आता चार वर्षांचं आहे. चालायला उशीर झाला, बोलणं जरा अडखळतं, चष्मा आहे. अंगणवाडीत गाणी म्हणतं. ते दोन महिने वाया गेले नसते तर किती फरक पडला असता, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

आता फिटविषयी थोडं. आपण तिला आकडी म्हणतो, मिरगी म्हणतो. मुलाला फिट आली की कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. मूल कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर १०८ बोलवा. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी डॉक्टरांना दाखवा. तान्हं बाळ झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा मान टाकून, हात पसरून दचकत असेल, तर पोटात कळ आली म्हणून सोडून देऊ नका. ती फिट असू शकते, आणि तिथे एकेक दिवस मोलाचा असतो. जवळ दुसरं कोणी असेल तर मोबाइलवर चित्रण करायला सांगा. डॉक्टरांसमोर फिट येतेच असं नाही, ते चित्रण त्यांना फार उपयोगी पडतं.

मेंदूचा आलेख काढतात त्याला ईईजी म्हणतात. डोक्याला तारा चिकटवतात, शॉक देत नाहीत. जाताना मुलाचं डोकं धुऊन न्या, तेल लावू नका, नाहीतर तारा चिकटत नाहीत. आणि गोळ्या सुरू झाल्या की मनानं बंद करू नका. साधारण दोन वर्षं एकही फिट आली नाही, तर डॉक्टरच हळूहळू कमी करायचा विचार करतात. एकदम बंद केल्या तर फिट जोरात उलटते.

आणि ज्यांच्या घरी नवी सून आहे त्यांच्यासाठी: बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भाच्या पहिल्या २८ दिवसांत घडतो. तेव्हा बाईला दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की आधीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी आशाताईंना मागा. मणक्यावर फुगा असलेलं बाळ जन्मण्याचा धोका त्यानं बराच कमी होतो.

आमच्या गटानं त्यानंतर एक नियम केला. शंभर रुपये बचतीबरोबर दहा रुपये आजारपणाचे वेगळे. मुलाच्या आजारपणाला तिघींची सही पुरे, बैठकीची वाट बघायची नाही. दादानं सहा हजार चौदा महिन्यांत फेडले. शंका घेणाऱ्या त्या ताईंनीच शेवटचा हप्ता वहीत लिहून घेतला, आणि आता आजारपणाची वही त्याच सांभाळतात.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. शिलाईची टेप आणा. गटातल्या ज्यांच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ आहे, त्यांना विचारा, डोकं शेवटचं कधी मोजलं? आकडा बाळाच्या लसीकरण कार्डावर तारीख घालून लिहा आणि नर्सताईंना दाखवा. आपल्याला त्यातलं सगळं कळायची गरज नाही. त्यांना कळतं. आपण फक्त त्यांच्यापर्यंत वेळेत पोचायचं.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.