शिकवायला जाणाऱ्याने आधी शिकावे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणी कामगार. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तकं घरी नेऊन. तेव्हा विद्वत्तेचं भाषण आमच्याकडून होणार नाही. पण गेल्या पावसाळ्यात आपल्या वस्तीतली एक माउली आमच्या दारी आली. तिने विचारलेला प्रश्न उद्या आपल्यापैकी कुणाच्याही घरात येऊ शकतो, म्हणून तोच आज मांडतो.

तिचा मुलगा बी.ए. झालेला, इंग्रजी चांगलं. एका एजंटाने त्याला सांगितलं, चीनमध्ये इंग्रजीचे मास्तर हवेत, पगार मोठा, राहायला खोली. आधी दीड लाख भरा, बिझनेस व्हिसावर जा, नोकरीचे कागद तिथे गेल्यावर होतील. माउली म्हणाली, "दादा, डोरलं मोडू का?"

आम्ही लगेच हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. आठ दिवस मागितले. वाचलं, जाणत्यांना विचारलं. जे कळलं ते असं. चीनमध्ये इंग्रजीला मान आहे हे खरं. तिथली मुलं तिसरीपासून इंग्रजी शिकतात. पण परदेशी माणसाला तिथे नोकरी करायची तर कामाचा परवाना लागतो. परवान्याचं पत्र शाळेने आधी काढायचं, त्यावर नोकरीचा व्हिसा मिळतो, मग विमान. भाषेच्या मास्तराला साधारणपणे पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय जी भाषा शिकवायची ती त्याची मातृभाषा असावी असा नियम आहे. आपल्या मुलाची मातृभाषा मराठी. एजंट नेमकं हेच बोलला नव्हता. बिझनेस व्हिसावर जाऊन वर्गात उभं राहिलं तर ते बेकायदा काम. पकडला तर ५ हजार ते २० हजार युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीसुद्धा. घरबसल्या इंटरनेटवरून तिथल्या शाळकरी मुलांना शिकवण्याचा धंदा होता, त्यावरही जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने बंदी आणली.

हे सारं सांगितल्यावर तो मुलगा आमच्यावर चिडला. म्हणाला, "काका, आपल्या लोकांनी कधी बाहेर जायचंच नाही का?" हा प्रश्न आम्हाला लागला. कारण बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले नसते तर आपण आज कुठे असतो? तेव्हा जायचं नाही असं आम्ही म्हणूच शकत नाही. कसं जायचं, एवढंच म्हणतो.

चिनी विद्यार्थ्यांना शिकवायला आपल्या महाराष्ट्राचा एक माणूस गेलेला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा, १९३८ साली, काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोटणीसही होते. बाकीचे मायदेशी परतले, कोटणीस राहिले. जाताना त्यांना चिनी येत नव्हती. पण जखमी सैनिक कुठे दुखतं ते चिनीतच सांगणार, आणि हाताखालचे तरुण चिनीतच विचारणार. म्हणून ते ती भाषा शिकले आणि वैद्यकीय विद्यालयात चिनी भाषेतूनच शिकवू लागले. १९४१ साली डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका को चिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच गेले. चीनमध्ये आजही त्यांचं नाव आदराने घेतात, सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे.

बंधूंनो, भाषा शिकल्याने मास्तराला काय मिळतं? आम्ही तरुणपणी इंग्रजी शिकताना "आय अ‍ॅम गो" म्हणालो. एका मास्तरांनी वर्गाला हसवून आम्हाला खाली बसवलं. दुसरे मास्तर म्हणाले, "तू 'मी जात आहे' मनात धरून बोलतोस, म्हणून असं होतं." त्यांना आमची चूक कुठून आली ते ठाऊक होतं. ती चूक आम्ही पुन्हा केली नाही.

चिनी भाषेत काळानुसार क्रियापदाचं रूप बदलत नाही. काल असो, उद्या असो, शब्द तोच. बोलताना 'तो' आणि 'ती' याला एकच शब्द, 'ता'. म्हणून चिनी पोर इंग्रजी बोलताना काळ चुकतं, आईबद्दल बोलताना पुरुषाचं सर्वनाम घालतं. ज्याला हे ठाऊक नाही तो मास्तर त्याला ढ म्हणेल. ज्याला ठाऊक आहे तो त्याला हात देईल. आपल्या कैक पिढ्यांना ढ म्हणूनच वर्गाच्या मागे बसवलं, तेव्हा हा फरक आपल्याला वेगळा समजावायला नको.

आणि ही रीत आपल्या नाशकातही जुनी आहे. त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, एक लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरवून भिक्षुसंघाला दान दिलं. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा हा माणूस. पण त्याचा लेख यवनी भाषेत नाही, तो प्राकृतात आहे, ब्राह्मी लिपीत आहे. परमुलखात आला आणि त्या मुलखाच्या वाणीत बोलला.

त्या माउलीचं डोरलं मोडलं नाही. मुलगा दोन महिने आमच्याशी बोलला नाही. आमचं चुकलं असेल तर त्याची संधी आमच्यामुळे गेली, हे ओझं आम्ही उचलतो. परवा तो आला, वहीत चिनी अक्षरं गिरवलेली दाखवली. म्हणाला, "काका, आधी अनुभव घेतो, भाषा शिकतो, मग बघू." तो जाईल की नाही ते आम्हाला सांगता येत नाही. पण गेलाच तर चोरून जाणार नाही.

एवढीच विनंती: असा कोणताही कागद घरी आला, की पैसे भरण्याआधी विहारात आणा. चार जण मिळून वाचू. पोरं जाऊ द्या, पण ताठ मानेने जाऊ द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.