एकाच जहाजातली दोन नावे



पूर्वजांच्या आगमनाची गोष्ट निघाली की ‘जहाजी भाई’ हा शब्द आपल्या ओठांवर येतो. आज मी एका नवरा-बायकोबद्दल बोलणार आहे. हे माझ्या आजीचे आजा-आजी, मूळचे रत्नागिरीकडचे.

१८४२च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून मॉरिशसला मजूर नेण्याची वाट पुन्हा उघडली. त्याच वाटेने पुढे ही दोघे मुंबईहून निघाली. जहाज शिडाचे. पावसाळ्यानंतर ईशान्येचा वारा सुटला की ते झपाट्याने दक्षिणेला येई. विषुववृत्ताजवळ मात्र वारा पडे, शिडे लोंबत आणि आग्नेयेचा वारा मिळेपर्यंत जहाज रेंगाळत राही.

माझी आजी सांगायची, पहिले आठ दिवस तिच्या आजीने डोके वर उचलले नाही. आजाने गावी कधी भांडे विसळले नव्हते. जहाजावर मात्र तो रांगेत उभा राहून तिच्यासाठी पाणी आणी, पेज भरवी. कुणी हसले तर म्हणे, “इथं हिला माझ्याशिवाय आणि मला हिच्याशिवाय कोण आहे?” समुद्र खवळला की चुली विझवत. मग पोहे आणि गूळ. ते खाऊन दोघे जण घरच्या भाताची आठवण काढत.

आजी रोज रात्री सुतळीला एक गाठ मारी. तिच्या हिशेबाने प्रवास एकेचाळीस दिवसांचा, आजाच्या हिशेबाने सदतीस. तो म्हणे, “तू आजारपणात एकेका रात्री दोन गाठी मारल्यास.” ती म्हणे, “तुला मोजता कुठं येतंय?” हा वाद त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालला.

पोर्ट लुईला उतरून आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढल्यावर कारकुनाने दोघांना दोन वेगळे क्रमांक दिले. नुसत्या धर्मविधीने झालेले लग्न त्या काळी इथला कायदा मानत नसे. मळ्यावर एक दिवस कामाला खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत. अशा दिवसांत त्यांनी संसार उभा केला.

त्या नोंदी मी शोधल्या. जहाज पोचल्याची तारीख मिळाली, निघाल्याची नाही. म्हणजे सदतीस की एकेचाळीस, हा वाद अजून मिटलेला नाही! आजीची ओळही मिळाली. कारकुनाने ऐकले तसे तिचे नाव रोमन अक्षरांत लिहिले आहे. ते आम्ही घरात तीन तऱ्हांनी वाचतो.

पण घरी येऊन वंशावळ उघडली, तर तीत फक्त आजाचे नाव. खाली मुलगे, त्यांचे मुलगे. ज्या सरकारने तिला मजूर म्हणून मोजले, त्याने निदान एक ओळ दिली. आपण लेकरांनी तीही दिली नाही. मला फार लाज वाटली.

म्हणून एक विनंती. या शताब्दीच्या वर्षी आपापल्या घरची वंशावळ काढा. जहाजातून आलेल्या आजीचे नाव म्हाताऱ्या माणसांना विचारा, नोंदवहीत शोधा. उच्चार चुकला तरी चालेल. आम्ही तिचे नाव आजाच्या शेजारी लिहिले आहे. वरही नाही, खालीही नाही. जहाजात ती दोघे बसली होती, तशीच शेजारी.

जय मॉरिशस, जय मराठी!